बंद केलेला डॉट कॉम

लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आयुष्यभर पंचनामे आणि स्टेशन डायरी लिहिली, त्यापलीकडे हात कधी गेला नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही निवृत्तीनंतर. आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, नोकरीतलं एखादं प्रकरण लिहा. खुनाचं लिहावं असं वाटलं होतं, पण मनातून जात नाही ते मोदकांचं प्रकरण.

शिपाई म्हणून भरती झालेला मी बढत्या मिळत तेव्हा मुलुंडला उपनिरीक्षक होतो. गणपती जवळ आले होते. सकाळची हजेरी आटोपली आणि एक ताई तक्रार घेऊन आल्या. शाळेच्या कॅन्टीनमधली नोकरी सोडून, सोसायटीतल्या काही बायकांना हाताशी घेऊन त्या उकडीचे मोदक करत. ऑर्डर वेबसाइटवरून येत.

"साहेब, माझं दुकान चोरलं. नेटवर 'मुलुंड उकडीचे मोदक' टाकलं की पहिली मी दिसायची. आता घाटकोपरवाली दिसते. माझा पत्ताच नाही! या बायकांना काय सांगू, यंदा घरी बसा?"

घाटकोपरवाली म्हणजे कॅन्टीनमधलीच त्यांची जुनी मैत्रीण. धंद्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं. दखलपात्र गुन्हा दिसत नव्हता, म्हणून अर्ज घेऊन चौकशी सुरू केली.

दुपारी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "घाटकोपरवालीक धरा. तिचो डॉट कॉम आसा, आमचो डॉट इन. तिनाच कायतरी केल्यान." आणि फोन कट.

घाटकोपरवालीला बोलावलं. त्या आल्या तेव्हा नखांत तांदळाची पिठी तशीच होती.

"तुम्ही नेमकं काय केलंत?"

"मोदक केले. अजून काय करणार? हिची साइट बंद दिसली, वाटलं धंदाच सोडला. फोन करणार होते, पण भांडलोय ना."

खोटं बोलणारा माणूस सहसा लांबण लावतो. या बाईंचं उत्तर आखूड होतं. शिवाय साइट बंद झाल्याचं तक्रारदार ताई बोललेल्याच नव्हत्या. आणि तो निनावी माणूस 'आमचो' म्हणाला होता. मी सायबरचं काम पाहणाऱ्या महिला हवालदारांना घेऊन ताईंच्या घरी गेलो. दार सासऱ्यांनी उघडलं. मूळचे मालवणकडचे, गिरणीत आयुष्य काढलेले.

"काका, फोन तुम्हीच केलात ना?"

काकांनी आधी चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "केलंय. सुनेचा नुकसान बघवत नाय."

हवालदारबाईंनी विचारलं, "जुनी साइट होती का?"

"होती. डॉट कॉम. मीच म्हटलंय, आपलो गणपती, आपले मोदक, मग पत्तो भारताचो नको? पाडव्याक डॉट इन घेतलो. साइटवाल्याचो फोन इलो, जुन्याचा काय करू? म्हटलंय, पुसून टाक. रेशनकार्डाचा कसा, जुन्या पत्त्यार नाव कमी केल्याशिवाय नव्यार चढता काय?"

"बाबा!" आतून ताई ओरडल्या. "मला विचारायचंत तरी!"

"तू उकड मळी होतंस."

मला हसू आवरेना. हवालदारबाईंनी मात्र नीट समजावलं. "काका, डॉट इनने काही बिघडलं नाही. ते भारताचं म्हणून ओळखलं जातं, मुलुंडच्या मोदकांना ते झकास. पण लोकांनी इतकी वर्षं जुन्या पत्त्याच्या लिंक दिल्या, त्यांच्या जोरावरच तुम्ही सर्चमध्ये पहिले दिसायचात. त्या आता बंद दारावर आपटतात. जुनं नव्याकडे वळवायला हवं होतं."

जुन्या नावाची नोंदणी नशिबाने अजून चालू होती. साइटवाल्याला तिथूनच फोन लावला आणि प्रत्येक जुनं पान नव्याकडे वळवून घेतलं. "पण सर्चमध्ये लगेच वर येणार नाही हं," हवालदारबाई म्हणाल्या. ताईंनी अर्ज मागे घेतला, पण चेहरा उतरलेलाच होता. पुढे थोड्याच दिवसांत मी निवृत्त झालो.

हरवलेलं सगळं चोरीला गेलेलं नसतं, हे मी त्या घरात शिकलो. तक्रारदार घाईने कुणाचं नाव घेतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरातही प्रेमाने चौकशी करावी. माझं हे म्हणणं बरोबर आहे की नाही, शिकलेल्यांनी ठरवावं.

विसर्जन झाल्यावर ताईंचा फोन आला. साइट वर आली होती, पण अगदी गणपती तोंडावर आल्यावर, आणि मग ऑर्डर झेपेनात.

"शेवटी घाटकोपरला फोन लावला, साहेब. म्हटलं, शिव्या घालेल. तर म्हणते कशी, 'माफीबिफी नंतर माग गं, आधी सांग, मोदक किती कमी पडतायत?'"