नावाच्या आधी, नावानंतर

शेजारच्या देशमुखकाकांनी त्यांच्या लॅब्रेडॉरचा वंशावळीचा दाखला फ्रेम करून भिंतीवर लावलाय. काल त्यावरचं ओळभर लांब नाव वाचताना मी अडखळलो.

काका म्हणाले, “नावाआधीचं ‘चॅम्पियन’ प्रदर्शनात मिळालं, दिसण्याबद्दल. नावानंतरची अक्षरं कामाची. वासावरून माग काढायची परीक्षा पास झालाय तो!”

दिसणं आधी आणि काम नंतर, हे मला जरा खटकलंच. मग स्वतःच्या दारावरची पदव्यांची पाटी आठवली.

चॅम्पियन खिडकीखाली झोपला होता. म्हातारपणामुळे त्याला ऐकू येत नाही. घरातलं ‘बंड्या’ हे नावही आता पोचत नाही. काकू आल्या, वाकून त्यांनी तळहाताने फरशी दोनदा थोपटली.

डोळे न उघडताच त्याने शेपटी हलवली.