मागच्या पुठ्ठ्यावरचं नाव

नांदेडला मी शिकवतो त्या शाळेसमोर फोटोंना फ्रेम करणारे एक चाचा बसतात. काच कापताना कुणी बोललं तर हातातलं काम थांबवून त्याच्याकडे नुसतं बघत राहतात. फोटो कुणाचा आहे, ते नाव मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिल्याशिवाय खिळा मारत नाहीत. कुणी न्यायलाच आलं नाही, तरी ती फ्रेम मोडत नाहीत. रोज पुसतात.

शाळेतल्या प्रदर्शनासाठी मी त्यांच्याकडे एका कंगव्याचा फोटो नेला. हिटलरच्या छळछावणीत कोंडलेल्या एका ज्यू मुलीनं तो पत्र्यातून कापून केला होता आणि पहारेकऱ्यांपासून लपवून जपला होता.

"कंगवा कुणाचा?" चाचांनी पेन्सिल उचलली.

"नाव नाही. कंगव्यावर तिचा कैदी नंबर कोरलाय, तोच लिहा."

पेन्सिल टेबलावर आदळली. "तिला नंबर कुणी दिला? मारणाऱ्यांनीच की! अन् तुम्ही मास्तर होऊन तेच लिवायला सांगून राहिले? नाव शोधलं का?"

"ऐंशी वर्षांपूर्वीच्या पोरीचं नाव कुठं शोधू, चाचा?" मीही ओरडलो.

"मंग फोटो घेऊन जा. बिननावाची फ्रेम माझ्याकडं व्हत न्हाई."

मी तणतणत घरी आलो. त्यांना खोटं पाडायचं म्हणून, जिथून फोटो उतरवला होता ती वेबसाइट पुन्हा उघडली.

फोटोखाली छापलेल्या ओळीतच तिचं नाव होतं. गावही होतं. फोटो फ्रेमच्या मापात बसावा म्हणून ती ओळ मीच, न वाचता, कापून टाकली होती.