बुजगावण्याचं धोतर

साळूबाईच्या घरात कापडाला मरण नव्हतं. लुगडं विरलं की त्याची झोळी होई, झोळी फाटली की चुंबळ, चुंबळ झिजली की सारवायचं पोतेरं. पोतेरं सडलं तरी ती ते उन्हात वाळवून चुलीत घाली आणि म्हणे, "आता झालं याचं सोनं."

बाहत्तर सालच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या आमच्या गावाला या बाईचा मोठा आधार झाला. बाजरी वीतभर वाढून करपली आणि सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. हातोडी दगडापेक्षा बोटांवरच जास्त बसायची. साळूबाईनं नवऱ्याच्या, भिमाजीच्या, फाटक्या सदऱ्याच्या बाह्या कापल्या आणि बोटांना टोप्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी चार बाया दारात, तिसऱ्या दिवशी चौदा. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. घरोघरचं जुनेर मागून आणलं, घरातलं काढलं, आणि गावातलं सगळं मऊ कापड बायांच्या बोटांवर चढलं.

मार्गशीर्षात तिची लेक ठकू बाळंतपणाला आली. ठकूची आधीची दोन लेकरं सासरीच दगावली होती. एक तिसऱ्या दिवशी, एक पाचव्या. सुईण बनुबाईनं ठकूच्या पोटावर हात ठेवून सांगितलं होतं, "सासरच्यांनी कोऱ्या कापडात गुंडाळली व्हती दोन्ही. कोऱ्या कापडाची खळ कवळं अंग सोलती. लेकराला पयलं कापड जुनं पायजे, अन् लई जगलेल्या माणसाचं पायजे."

साळूबाईनं त्यासाठी सासूच्या लुगड्याचा एक तुकडा वेगळा काढून ठेवलाही होता. पण गेल्या आठवड्यात एका बाईचं बोट चेंगरलं, रक्त थांबेना, आणि हाताशी तोच तुकडा होता. अजून पंधरा दिवस आहेत, दुसरा मिळेल, असं ती म्हणाली आणि तो फाडला.

ते पंधरा दिवस मिळालेच नाहीत. सकाळी भिमाजी कामावर गेला आणि इकडे ठकूला कळा सुरू झाल्या.

"कापड काढ," बनुबाई म्हणाली.

साळूबाईनं फडताळ उघडलं, मिटलं. उतरंड उतरवली, परत रचली. माळ्यावर चढली आणि रिकाम्या हातानं उतरली. घरात होतं ते एक गोणपाट, एक घोंगडी, आणि ठकूच्या सासरहून आलेलं कोरं मांजरपाट, पुठ्ठ्यासारखं ताठ.

"अगं, कापड कुठाय? वारं शिरल्यावानी फिरतीया नुसती!"

साळूबाई गावात धावली. बहुतेक दारांना कड्या होत्या. एका ओसरीवर एक म्हातारी ऊन खात बसली होती. ती बोळक्या तोंडानं हसली. "जुनेर? आमचं जुनेर तूच न्हेलंस की गं बये! आता माझ्या अंगावरचं तेवढं ऱ्हायलंय. देऊ का फेडून?"

साळूबाई परत फिरली. उंबऱ्यापर्यंत आली, आतून ठकूचं कण्हणं ऐकलं आणि आत जायचा धीर होईना. बाहेरच तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत तिची नजर गावाबाहेरच्या आपल्या रानावर गेली. करपलेल्या रानात एकटं बुजगावणं उभं होतं, राखायला काही नसताना.

ती थांबली. मग आत जाऊन गोणपाट उचललं आणि रानाची वाट धरली.

बुजगावण्याच्या कमरेला तिच्या सासऱ्याचं धोतर होतं. कानिफबाबा नव्वदी ओलांडून आदल्या माघात गेले. त्याआधीच्या दिवाळीला त्यांनी हट्टानं नवं धोतर घेतलं आणि हे आपल्या हातानं टाकलं. आषाढात पेरणी झाल्यावर साळूबाईनं ते बुजगावण्याला नेसवलं. गुंडाळलं नाही, निऱ्या घालून, काष्टा मारून नेसवलं. वर मडकं, मडक्यावर चुन्याचे डोळे आणि लांब नाक. तेव्हापासून रानातून जाताना तिचा हात आपोआप पदराला जाई. बाया हसत. "साळे, मडकं हाय ते!"

"मडकं असू दे. धोतर मामंजींचं हाय," ती म्हणे.

आता ती त्या धोतरासमोर उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, हात पुढे जाईना. तीस वर्षांत ती सासऱ्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. वारा सुटला, धोतराचा सोगा फडफडला, आणि तिला वाटलं, घरी ठकू ओरडली असेल.

"मामंजी," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमच्या पणतवंडासाठी पायजे. राग धरू नगा."

तिनं आधी गोणपाट बांबूभोवती गुंडाळून सुंभानं आवळलं. मग पाठ फिरवली, हात मागे नेले आणि न बघता गोणपाटाखालून धोतर ओढून काढलं. नदीवर माणसं नेसणं बदलतात तसं. मागे न बघता ती घराकडे पळत सुटली.

बनुबाईनं धोतर हातात घेतलं. वरचा पदर बोट लागताच पापडासारखा तुटला.

"उन्हानं खाल्लंय गं हे."

साळूबाईनं ते हिसकावून घेतलं आणि निऱ्या उलगडल्या. आतल्या घड्यांना ऊन शिवलं नव्हतं. कापड शाबूत होतं, सायीसारखं मऊ. तिनं ते उकळत्या पाण्यात बुचकळलं, पिळलं, चुलीपुढे हातांवर धरलं. चटके बसले तरी खाली ठेवलं नाही. ते वाळलं आणि तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला.

मुलगी झाली.

तिसरा दिवस गेला. पाचव्या दिवशी साळूबाई जेवली नाही, बसली नाही. दर घटकेला लेकराच्या नाकापुढे बोट धरून बघे. बनुबाई म्हणाली, "निजू दे की तिला. तुझ्या बोटानंच मरायची!"

सहाव्या दिवशी उजाडताच ती रानात गेली. गोणपाटातल्या बुजगावण्यापुढे पदर ओढून उभी राहिली.

"पोरगी हाय, मामंजी. दूध पिती. नाक मातुर तुमचंच हाय."

एवढं बोलून ती लगबगीनं माघारी वळली. दोरीवर धोतराचे तुकडे वाळत घालायचे राहिले होते.