मी बंद केलेले अपडेट

मी नक्की काय काम करते हे आमच्या गावात कुणालाच नीट ठाऊक नाही. नवी मुंबईत कंप्युटरच्या कंपनीत आहे, एवढंच. खरं तर मी दुसऱ्या कंपन्यांचे कंप्युटर तपासते. प्रोग्रॅममध्ये चुका राहून जातात. त्या सापडल्या की बनवणारे दुरुस्ती पाठवतात, तिलाच अपडेट म्हणतात. पण दुरुस्ती आली की चूक कुठे होती हे चोरांनाही कळतं. म्हणून ती लगेच बसवून घ्यायची असते. कुणी बसवली नाही ते शोधायचं आणि त्यांच्या मागे लागायचं, याचाच मला पगार मिळतो.

बाबा माणगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. आई गेल्यावर ते समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवण्यात रमले. पैसे घ्यायचे नाहीत. रविवारी आमच्या पडवीत माणसं बसलेली असायची. मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला होता. त्यावर ते एका बोटाने बायोडाटा लिहायचे, खाली फोटो लावायचे आणि ईमेलने स्थळांना पाठवायचे. ‘फोटो गुरुजींकडे दिलाय’ असं मुलीची आई म्हणायची, तेव्हा तो घरातल्या कपाटातच असल्यासारखी ती निर्धास्त असायची.

गावात नेट मोबाइलवरचं. अपडेट उतरायला लागलं की दिवसाचं नेट संपायचं. एकदा तर बाबा लिहीत असतानाच लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि अर्धा बायोडाटा गेला. असं काही झालं की ते मला ऑफिसात फोन करायचे आणि मी मीटिंगमधून बाहेर येऊन त्यांच्यावर वैतागायचे. मग एका सुट्टीत गेले तेव्हा मी अपडेट बंदच करून टाकले. लिहिण्याच्या प्रोग्रॅमची ‘अपडेट करा’ म्हणणारी चौकट मात्र अधूनमधून येत राहणार होती. “ती आली तर नुसतं ‘नंतर’ दाबायचं,” मी सांगितलं. पुढच्या खेपेला चांगलं नेट घेऊन सगळं नीट करू असं मनात होतं. पुढच्या खेपा आल्या आणि गेल्या.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. “बाय, आपल्या एका मुलीला कुणी माणसं फोन करतायत. बायोडाटात मी लिहिलेलं तिला जसंच्या तसं वाचून दाखवतात. आणि घाणेरडं बोलतात.”

मी रजा टाकून गेले. पोचले तेव्हा शेजारचे काका पडवीत बसले होते. चप्पल काढायच्या आधीच मी बाबांवर सुरू झाले. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडायची नाही हे किती वेळा सांगितलं, तुम्ही ऐकत का नाही, असं बरंच काही. बाबा म्हणाले, “एका मुलाचा बायोडाटा आला होता. तो उघडला. आत काहीच नव्हतं.” काका उठून गेले. बाबांनी माझ्यासाठी पाणी आणलं.

लॅपटॉप उघडला आणि मला सगळं कळलं. ती फाइल लिहिण्याच्या प्रोग्रॅममधल्या एका जुन्या भोकातून आत शिरली होती आणि तिने सगळे बायोडाटा चोरांकडे पाठवले होते. त्या भोकावरची दुरुस्ती कधीच येऊन गेली होती. ती बसवलेली असती तर फाइल उघडूनही काही बिघडलं नसतं. आणि बायोडाटा उघडणं हेच तर बाबांचं काम होतं. मी पाहत असतानाच ती चौकट पडद्यावर आली. माझ्या खांद्यावरून वाकून बाबांनी सवयीने बोट पुढे केलं आणि ‘नंतर’ दाबलं.

“रोज येते,” ते म्हणाले. “मी न चुकता दाबतो.”

मी चार्जरची वायर काढली आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

एव्हाना आणखीही काही मुलींना असे फोन गेल्याचं कळलं होतं. त्यांच्या घरी आपण स्वतः जायचं, असं बाबांनी ठरवलं. पहिलं घर माणगावातच होतं. मुलीचे वडील एसटीत ड्रायव्हर. जय भीम झालं, त्यांनी बसायला सांगितलं, पण चहाचं कुणी विचारलं नाही.

“गुरुजी, तुमच्याकडं बघून पोरीचा फोटो दिला व्हता,” ते म्हणाले. “जमत न्हाय तर या वयात कंप्युटरचे नाद कशाला करायचे?”

“चूक माझी आहे,” बाबा म्हणाले.

“आवो, लेक एवढी शिकलेली. तिला तरी विचारायचं.”

“तिचा यात काही संबंध नाही. मीच नको ती फाइल उघडली.”

मी शेजारीच बसले होते. बोलायला एवढी मोकळी जागा होती, पण मी खाली फरशीकडे बघत राहिले. ते बाबांना आणखी बरंच बोलले. ज्यांच्यापुढे लोक उभ्याने बोलायचे असे माझे बाबा, मान हलवत ऐकत होते. निघताना त्या माणसाने मला मात्र मानाने निरोप दिला, “ताई, तुम्ही हायेत म्हणून आधार.” ते शब्द मला अजून आठवतात, आणि आठवले की कानशिलं तापतात.

तिथून म्हसळ्यावरून दिवेआगरला गेलो. तिथल्या मुलीलाच सगळ्यांत जास्त भोगावं लागलं होतं. ती सरकारी दवाखान्यात नर्स. तिचा फोटो लावून कुणीतरी नेटवर खोटी पानं तयार केली होती, त्यावर नको नको ते लिहून खाली तिचा नंबर दिला होता. दवाखान्यात कुजबूज झाली, तेव्हा ती रजा घेऊन घरी आली होती. तिची आई वाडीत सुपाऱ्या सोलायला जायची. आम्ही गेलो तेव्हा दोघी ओटीवर होत्या.

बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं, “माझ्या हातून चूक झाली...”

मुलगी माझ्याकडे बघत होती. “ताई, तुम्ही असलंच काम करता ना? मग गुरुजींच्या लॅपटॉपवर असं कसं झालं?”

बाबा घाईने म्हणाले, “अगं, ती लांब असते.”

मग मी सांगितलं. नेट खातंय म्हणून, आणि बाबांचे फोन येतात म्हणून, अपडेट मीच बंद केले होते. चौकट आली तर ‘नंतर’ दाबा असं मीच शिकवलं होतं. सांगताना माझा आवाज ऑफिसात अहवाल वाचताना असतो तसा कोरडा निघाला. तो मलाच ऐकवेना.

आईला सगळं समजलं नसावं. ती बाबांना म्हणाली, “मंग तुमी कशाला सोताच्या अंगावर घेत व्हतात?”

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, “तो फोटो जाईल ना पण?”

अशा वेळी काय सांगायचं ते मला नोकरीने शिकवलं होतं. पण ते कंपन्यांना सांगायचं असतं. “ही पानं काढून टाकता येतील,” मी म्हणाले. “पण फोटो कुणाकुणाकडे गेलाय ते कळायचा मार्ग नाही. पूर्ण जाईल असं मी सांगू शकत नाही.”

ती उठून आत गेली. आतून भांड्यांचे आवाज आले. पुन्हा ती बाहेर आली नाही.

परतीच्या वाटेवर घाट चढताना बाबा म्हणाले, “तू अपडेट बंद केलंस तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. माझ्या लक्षात होतं.”

“मग परवा मी एवढी बोलले तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“काका बसले होते ना. त्यांच्यासमोर तुला खाली बघायला लावायचं? पण ड्रायव्हरच्या घरी मी खोटं बोललो. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणत आलो. ते मला लागलंय.”

मी गाडी सरळ माणगावला त्या घरासमोर नेली. बाबा गाडीतच बसून राहिले, मी एकटी वर गेले. ड्रायव्हरकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमी गुरुजींना काय काय बोललो.” आणि दारातून खाली गाडीकडे बघत राहिले. खाली जाऊन बाबांना भेटणं त्यांना जमलं नाही. मला परत ‘बसा’ही म्हणाले नाहीत.

पुढे त्या नर्सला घेऊन मी अलिबागला सायबर पोलिसांकडे गेले. तक्रार झाली. पानं एकेक करून निघाली, एक पुन्हा उगवलं, तेही काढलं. तिने नंबर बदलला. माझ्याशी ती नीटच बोलते, पण कामापुरतं. लॅपटॉप मी सगळा पुसून नव्याने भरला आणि अपडेट आपोआप बसतील असं केलं. घरात चांगलं नेट घेतलं. सगळी दुरुस्ती एका दुपारी झाली. ही दुपार मला आधी मिळाली नव्हती.

बाबा मात्र त्या लॅपटॉपला हात लावत नाहीत. माणसांनीही यायचं हळूहळू सोडलं. कुणी भांडलं नाही, नुसते आले नाहीत. रविवारी ते पेपर वाचतात, दुपारी झोपतात. मी फोन केला की माझ्या कामाचं विचारतात, आणि मी थोडक्यात सांगते.

गेल्या महिन्यात त्या नर्सचा मेसेज आला. लग्न ठरलंय, गुरुजींना सांगा. मी लगेच बाबांना फोन केला. त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. मुलगा काय करतो, घरी कोण कोण आहे, मूळ गाव कुठलं. मला फारसं माहीत नव्हतं.

“श्रीवर्धनकडचा आहे का?” बाबा म्हणाले. “तिकडे माझ्या ओळखीचे एक मास्तर आहेत. मी जरा चौकशी...”

आणि बोलता बोलता तेच थांबले.

“असू दे,” ते म्हणाले. “त्यांनी केली असेल.”