क्वार्ट्झची पांढरी कड

विद्यापीठातल्या आमच्या रसायनशास्त्र विभागात काचकाम करणारे एकच काका होते. आम्ही त्यांना फुंकणीकाका म्हणायचो आणि ते त्या नावाला खुशाल ओ द्यायचे. जिन्याखालची खोली, गॅसची ज्योत, एक स्टूल आणि तोंडात धरायची रबरी नळी, एवढा त्यांचा संसार. कुणी फुटकं भांडं घेऊन गेलं की आधी चार शब्द ऐकवायचे, मग दुरुस्ती. मला तर दारातच विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, आज काय फोडलंत?" अजून कुठे काच फुटली की मला ती खोली आठवते.

माझं पीएच.डी.चं संशोधन ऐकून लोक हसायचे. स्वयंपाकघरात असतो तसलाच मायक्रोवेव्ह, फक्त बाजूला भोक पाडलेला. भोकातून दिव्याची अतिनील किरणं आत सोडायची. आत नळीमध्ये रंगाचं पाणी आणि चिमूटभर टिटॅनियम ऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या रंगात असते ती पांढरी पूड. प्रकाश पडला की ही पूड पाण्यातला रंग तोडते आणि पाणी नितळ होतं. सोबत मायक्रोवेव्हचा मारा केला तर हे लवकर होतं का? आणि झालंच, तर नुसत्या उष्णतेनं होतं, की मायक्रोवेव्ह आणखी काही करतो? हे कळावं म्हणून दुसरी नळी गरम हवेच्या पेटीत, तेवढ्याच तापमानाला, तसल्याच दिव्यासमोर ठेवायची. दोन्ही नळ्या मात्र क्वार्ट्झच्या हव्यात. साधी काच अतिनील किरणं बरीचशी अडवते, क्वार्ट्झ ती आत जाऊ देते. दोन्ही नळ्या काकांनीच दिल्या होत्या.

मायक्रोवेव्हमध्ये पाणी वीस मिनिटांत नितळ व्हायचं, पेटीतल्या नळीत पन्नास. दीड वर्ष हेच आकडे. माझे मार्गदर्शक सर खूश, मी तर हवेतच! प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते, शिष्यवृत्तीही तेव्हाच संपणार होती.

अशात पेटीतल्या नळीच्या तोंडाचा टवका उडाला. मी ती खाली नेली. काकांनी क्वार्ट्झसाठी लागते तशी कडक ज्योत लावली आणि नळीचं तोंड तिच्यात धरलं, तर नळी क्षणात लोळागोळा झाली. त्यांनी गॅस बंद केला. मला वाटलं त्यांचा हात भाजला.

"पोरी, ही क्वार्ट्झ नाही," ते म्हणाले. "साधी काच आहे."

"म्हणजे?"

"पहिली नळी मी स्वतः ओढून केली होती. ही ड्रॉवरमधली तयार उचलली. कडेकडून बघितलं की क्वार्ट्झ पांढरी दिसते, साधी हिरवट. मला आता दोन्ही सारख्याच दिसतात. दोन वर्षं झाली. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, म्हणून बोललो नाही कुणाला."

माझं डोकंच फिरलं. पेटीतलं पाणी हळू नितळायचं ते काचेनं किरणं अडवली म्हणून! मायक्रोवेव्हची कसली आली कमाल! "दीड वर्ष मातीत घातलंत माझं! डोळे जात होते तर सांगायला काय जीभ झडली होती?" वडलांच्या वयाच्या माणसाला मी असं बोलले. मी दार आपटून निघाले.

खरं सांगते, जिना चढताना माझ्या मनात पाप आलं. नळीचा तर गोळा झालाय. काका गप्प, मी गप्प, कुणाला काय कळणार? मग लक्षात आलं, त्यांनाही हेच करता आलं असतं. "फुटली" म्हणाले असते आणि दुसरी दिली असती, तर मी हसत निघून गेले असते. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेले. सरांना म्हटलं, "सर, चूक झाली. ड्रॉवरमधून नळी मीच उचलली होती."

सरांनी चष्मा काढला. "खोटं तुला नीट जमत नाही. काका मघाशीच येऊन गेले. सगळं लिहून दिलंय, खोलीची किल्लीही दिली. डोळे अधू असलेल्या माणसाला ज्योतीशी बसवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. आता भांडारात बसतील."

"ते काही म्हणाले का?"

"स्वतःसाठी एक अक्षर नाही. पोरीला सहा महिने वाढवून द्या म्हणाले. मी सही केलीय."

त्या सहा महिन्यांत खरी क्वार्ट्झ पेटीत गेली आणि पन्नासाचे चोवीस झाले. मायक्रोवेव्हचा वाटा उरला चार मिनिटांचा. पुन्हापुन्हा केलं तरी तेवढाच. प्रबंध त्या चार मिनिटांवर झाला.

पण त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी धावत भांडारात गेले. काका बाटल्या पुसत बसले होते. तीस वर्षं ज्योतीशी खेळलेला माणूस, हातात फडकं. मी तिथेच रडायला लागले.

"अगं, रडतेस काय?" काका घाबरून उठले. "सहा महिने कमी पडतील का? परत जाऊन सांगू सरांना?"