सोसण्याचं कौतुक

माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा हॉस्पिटलच्या सभागृहात माझा सत्कार झाला. मी भूलतज्ज्ञ. कॅन्सरच्या पेशंटना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यावर वेदना किती आटोक्यात येतात, आणि मोजूनमापून दिल्या तर व्यसन लागण्याची भीती कशी पोकळ ठरते, हा माझा विषय. शाल घातली ती कॅन्सर वॉर्डाच्या मोठ्या सर्जननी. माईकवर म्हणाले, "मराठवाड्याला अभिमान वाटावा असं काम आहे."

वर्षही झालं नसेल, अब्बांना त्यांच्याच वॉर्डात दाखल करावं लागलं.

अब्बा छावणीत शिंपीकाम करायचे, फौजी वर्द्या शिवण्यात हयात गेली. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यांत उतरला होता. कूस बदलायची झाली की ते चादरीचा बोळा दातांत धरायचे. भेटायला येणारे म्हणायचे, "काय सब्र आहे! तोंडातून उफ निघत नाही." ऐकून माझं डोकं फिरायचं. सब्र कसलं? चार माणसांत ओरडायची त्यांना शरम वाटत होती, एवढंच.

सर्जन राउंडला आले तेव्हा मी म्हटलं, "सर, मॉर्फिन सुरू करू या."

"इतक्यात? ते अगदी शेवटी द्यायचं. सवय लागली म्हणजे?"

"सर, याच प्रश्नावर माझा निबंध आहे."

"निबंध उत्तमच आहे. पण वॉर्ड वेगळा असतो, मॅडम. वय झालंय त्यांचं, थोडं सोसायला हवं."

"तुम्ही तो वाचलाय का, सर?"

ज्युनिअर डॉक्टर खाली बघायला लागले. सर्जन पुढच्या कॉटकडे वळले.

त्याच दिवशी मी अब्बांना घरी आणलं. आमच्या वेदनाशमनाच्या ओपीडीतल्या सहकाऱ्यानं तपासून गोळ्या सुरू केल्या, थोडक्या डोसपासून, सोबत पोट साफ राहायचं औषध. दोन दिवसांत अब्बा आपले आपण कुशीवर वळले. दाढी करून घेतली. माझ्या एप्रनची बाही हातात धरून म्हणाले, "ये टाका किसने मारा? हाथ टूटे थे क्या उसके?" मी हसले. मग त्यांनी सहज विचारलं, "ये गोली पहले क्यों नहीं दी, बेटा?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि हाताला आलेलं पातेलं आपटलं. सहज टळण्यासारखं होतं ते सगळं.

अब्बांचे एक्स-रे वॉर्डात राहिले होते, ते आणायला गेले. शेजारच्या कॉटवर गंगापूरचे एक आजोबा होते, जबड्याचा कॅन्सर झालेले. त्यांच्या बायकोनं माझा हात धरला.

"ताई, तुमच्या अब्बांला गोळीनं आराम पडला म्हनं. आमाला नाय का मिळायची? लई ठणकतंय ह्यांला. रातध्याड कन्हत्यात."

मी त्यांना तशीच सर्जनच्या खोलीत घेऊन गेले.

"माझ्या पेशंटमध्ये ढवळाढवळ नको," ते म्हणाले.

"नाही करत. गोळी का द्यायची नाही, ते तुम्ही यांना सांगा. मला ऐकायचंय."

ते मराठीत सुरू झाले आणि मध्येच इंग्रजीत शिरले. बाईंनी पदर सावरला. "सायेब, त्यांचं जानं मला ठावं हाय. पर असं वरडत नगं जाया."

सर्जननी पेनचं टोपण काढलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी आमच्या ओपीडीसाठी कॉल लिहिला, पेशंटला येऊन तपासा म्हणून. संध्याकाळी आजोबांना पहिली गोळी मिळाली. दुसऱ्या दिवशी बाई मला जिन्यात भेटल्या. "वाटीभर पेज पेले," म्हणाल्या, आणि तिथंच पायरीवर बसून रडल्या.

अब्बा पावसाळा संपता संपता गेले, घरी, आपल्या पलंगावर.

आता त्या वॉर्डातून आम्हाला कॉल येतात. सगळ्या पेशंटसाठी नाही, कुणाचे नातेवाईक मागे लागले की येतात. जे मुकाट पडून राहतात त्यांना मी स्वतः जाऊन विचारते, कुठं दुखतंय, किती दुखतंय. सर्जन समोरून आले तर माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू म्हणावं. मी विचारायची थांबणार नाही.