माळवदावरची माती

त्या ॲनिमेशन मालिकेच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'साध्या माणसांची खरीखुरी गोष्ट'. ते शब्द आठवले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती गोष्ट माझ्या सासूबाईंची होती. इतकी वर्षं त्यांनी ती कुणाला धड सांगितली नव्हती. शेवटी सांगितली, आणि ज्यासाठी सांगितली तेवढंच या लोकांनी काढून टाकलं.

सासूबाई मराठवाड्यातल्या मोठ्या भूकंपातून वाचलेल्या. घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडांवर थापलेलं मातीचं सपाट छत. पावसात गळू नये म्हणून उन्हाळा सरता सरता त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, ही तिकडची रीत. जुनी माती कुणी काढत नसे. ज्या घराचं माळवद जाड, त्या घरची बाई कामसू, असं गाव म्हणायचं. सासूबाईंचं गावात लई नाव होतं. त्या वर्षीही त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या लेकीनं मिळून पाट्या वाहिल्या होत्या. जमीन हलली तेव्हा भिंती फुटल्या आणि वर्षानुवर्षांची ती माती खाली आली. माझा नवरा तान्हा होता, कुशीत होता, म्हणून त्यांच्याबरोबर बाहेर निघाला. लेक आत राहिली.

पुढं आमचं बिऱ्हाड शहराकडं, पडेगावला आलं. भूकंपातून वाचलेल्यांना शोधत मालिकावाले आमच्या दारात आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मग दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "बोलाव त्यांना."

कारण त्यांची धाकटी बहीण. ती देवगाव रंगारीला दिलेली, अजून तशाच घरात राहते, अजून दरवर्षी माती चढवते. कितीदा सांगून झालं. तिचं उत्तर ठरलेलं, "तुमच्याकडलं निराळं अक्का, आमच्याकडं भूकंप व्हत नाय." सासूबाई म्हणायच्या, आमच्याकडं तरी कुठं होत होता? पण ऐकेल ती बहीण कसली. मालिकेतली सून नेसते तशी साडी तिला हवी, मालिकेत दाखवलं ते व्रत ती धरणार.

"माझं नाय ऐकत ती," सासूबाई म्हणाल्या. "टीव्हीत दिसलं की ऐकंल."

दुपारभर त्या बोलल्या. मातीचं सांगताना हातानं थर दाखवत होत्या, एकावर एक. चित्र काढणाऱ्या मुलींनी चूल कुठल्या कोपऱ्यात होती, दाराची कडी कशी होती, सगळं विचारून घेतलं. दिग्दर्शक पुण्याचा, बोलायला गोड. जाताना सासूबाईंच्या पाया पडला. मातीचं नक्की दाखवतो, म्हणाला.

मालिका आली तेव्हा आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू. चूल तीच, कडी तीच. भूकंप झाला, धूळ उडाली, माणसं धावली. माळवदावर कुणी माती चढवलीच नाही. शेवटी चित्रातली म्हातारी आभाळाकडं बघून म्हणाली, देवाची मर्जी होती.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "आसं मी कधी म्हणले गं?"

मी दुसऱ्या दिवशी शहरातल्या छावणी भागाजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेले. दिग्दर्शकानं चहा मागवला. मी तो घेतला नाही.

"मातीचा प्रसंग होता," तो म्हणाला, "पण त्यात आजीच दोषी वाटत होत्या. प्रेक्षकाला ते सहन झालं नसतं. आम्ही त्यांना त्या ओझ्यातून मोकळं केलं."

आयजीच्या जिवावर बायजी उदार. या माणसाला कुणी नेमलं होतं माफी वाटायला? सासूबाईंनी माफी मागितली नव्हती. त्यांना सगळ्या गावांना ओरडून सांगायचं होतं की छतावरची माती उतरवा. मी हे त्याला मोठ्या आवाजात सांगितलं, बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. तो म्हणाला, पुढच्या भागात काही करता येतं का बघतो. देवाची मर्जी त्याला दाखवता आली, कारण देव काही भांडायला ऑफिसात येत नाही.

मी घरी आले तर सासूबाई फोनवर होत्या. फोन लाऊडवर होता, पलीकडं देवगावची बहीण.

"अक्का, लई चांगलं दाखवलं. मी रडले बघ. खरंय, देवाची मर्जी, माणसाच्या हातात काय असतंय? बरं ठिवते, माती कालवून ठिवलीय, आजच थर द्यायचाय."

सासूबाईंनी फोन ठेवला. चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ."

वाटेत मीच बोलत होते, दिग्दर्शकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. देवगावला पोचलो तर अंगणात भरलेल्या पाट्या मांडून ठेवलेल्या. सासूबाईंनी बहिणीकडं पाहिलंही नाही. भिंतीला टेकलेलं फावडं उचललं, शिडी चढल्या आणि माळवदावरची माती खाली ढकलायला लागल्या. वरचा थर निघाला, खाली दुसरा होता. त्यांचे गुडघे जिना चढताना दुखतात. मी दुसरं फावडं शोधून वर गेले.

"अक्का, येडी झाली का तू?" खालून बहीण म्हणाली. "पावसात घर गळंल माझं. पोरं भिजतील."

सासूबाई काठाशी आल्या. चेहरा मातीनं पांढरा झाला होता.

"भिजू दे," त्या म्हणाल्या. "माझी भिजली असती, तर वाळली असती."

बहीण शिडी धरून उभी राहिली. मग वर चढून तिनं माझ्या हातातलं फावडं घेतलं.